मागं सरत म्हणायचं गाणं

मूल
रविवार, ४ ऑगस्ट

दादा,

ख्रिस्तात सलाम. घ्यायचा तर घे, नाहीतर कागदातच राहू दे.

आज तुझं गाणं ऐकलं. ‘उगवेल रे उगवेल’. पेटीवर नाही, मोबाइलवर नाही, शेतात! सोळा बाया गुडघाभर चिखलात वाकून म्हणत होत्या. मी चालत्या बसमधून उतरली.

म्हणजे बस चालत नव्हती, उभी होती. रस्त्यात दोन बैल बसले होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, कंडक्टर उतरून त्यांना भाऊ-भाऊ करत होता. मोहर्लीचं काम मी सोडलं हे तुला सांगायचं राहिलं. पावसाळ्यात जंगलाचं मोठं गेट बंद असते, रिसॉर्टच्या किचनमध्ये आम्ही चौघं आणि पाहुणे दोन. त्यातल्या एकाने मला विचारलं, वाघ किती वाजता येतो. मी सांगितलं, साडेचारला, चहाच्या वेळी. मालकाला ते आवडलं नाही. वांदरानं साबण खाल्ला ती गोष्ट पुढच्या वेळी.

तर बस उभी, खिडकी उघडी, आणि ते ऐकू आलं.

उगवेल रे उगवेल, त्याच्या वेळेला उगवेल
पेरणारा झोपी गेला, पाणी जागं राहील

मला वाटलं माझं डोकं फिरलं. पिशवी घेऊन खाली उतरली, शेताच्या धुऱ्यावरून घसरत गेली. पुढं एक उंच बाई होती, डोक्यावर पावसासाठी प्लास्टिकची घोंगशी, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी. एक ओळ म्हटली की चार रोपं लावायची आणि सगळ्यांनी एक पाऊल मागं. दादा, तुझं गाणं रोवणीच्या पावलात इतकं बरोबर बसते की तू रोवणीसाठीच केलं असं वाटावं.

ती उंच बाई म्हणाली, “काऊन वं, इथी कुठी उतरली? इथी स्टॉप नाई.”

मी म्हटलं, “बाई, थे गाणं कोणाचं होय?”

“आमचंच होय. कोणाचं राह्यन?”

दुसरी हसली. “झूठ नको बोलू अंजनाबाई. थो बोरझरीचा पेटीवाला नाई का, कोंबड्याच्या आधी उठून बोंबलते थो. त्याचं होय.”

“त्याचं एकच कडवं होतं,” अंजनाबाई म्हणाली. “बाकी आमचं होय.” आणि त्यांचं कडवं म्हणून दाखवलं:

उगवेल रे उगवेल, एक दिवस उगवेल
मालकाच्या टकलावर हिरवं गवत उगवेल

मालक धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होता. तोही हसला. त्याच्या डोक्यावर खरंच काही नव्हतं.

तेवढ्यात बैल उठले आणि बस गेली. मूलपर्यंत मी ट्रॅक्टरवर आली.

मी त्यांना सांगितलं नाही की बोंबलणारा माझा भाऊ होय. एक बाई मात्र मान खाली घालून होती, पूर्ण वेळ. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

तू माझा नंबर बंद करून ठेवला म्हणून हा कागद. कुलदीप इथल्या राईस मिलमधून कोंडा भरून घुग्घुसला तुमच्या कारखान्यात नेतो, तुझ्याच काट्यावर त्याचा ट्रक मोजला जाते म्हणे. त्याच्या हाती देते. फाडला तर तो मला सांगेल.

त्या फेब्रुवारीच्या रविवारचं म्हणशील तर बस बंद पडली होती. मी तेव्हाच सांगितलं होतं.

तुझी
चंचल

*

बोरझरी
गुरुवार, १५ ऑगस्ट

दादा,

कुलदीपनं तुझी चिठ्ठी दिली. ट्रक मोजायच्या पावतीच्या पाठीवर लिहिली तू. “पत्रं पाठवू नको. प्रार्थनाघर दिवाळीपासून गुलाबभाऊच्या मिलला धान ठेवायला देतो म्हणून शब्द दिला आहे. माझं झालं.” तीन वाक्यं. आठ वर्षं दर रविवारी प्रार्थनाघरात तास तास उपदेश करणारा माणूस आणि मला तीन वाक्यं.

तरी मी गावात आली. घरात उंदीर, प्रार्थनाघरात त्याहून जास्त. चटया कुरतडल्या, पेटीला मात्र काही झालं नाही, उंदरांनाही तिची दया आली. मी सगळं झाडलं. मागच्या भिंतीजवळ एक बेडूक इतका मोठा होता की मी त्याला पाळकसाहेब म्हणून बाहेर नेलं. रागावू नको.

गुलाबभाऊ झाडताना आला. दारातून आत पाहत म्हणाला, “कायले झाडते पोरी, धानाचे पोते ठेवाचे आहेत. धान काय मातीतूनच येते.” वाईट माणूस नाही तो. तुझी चौकशी केली. म्हणाला, प्रफुलभाऊनं किती बरस एकट्यानं बाजा वाजवला, पाहून माहा जीव तुटे.

सकाळी सहाला मी ओट्यावर बसली होती, बाहेरच्या. आणि दादा, एक एक करून बाया आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या! डबे, घोंगश्या, तंबाखूच्या डब्या घेऊन. तीच टोळी. अंजनाबाई म्हणाली, “सरक वं.” ट्रॅक्टरची ट्रॉली त्यांना तिथूनच घेते. प्रार्थनाघराचा ओटा उंच आणि कोरडा म्हणून. आठ वर्षं झाली.

तू सकाळी सहाला काय करत होता? डास येतात म्हणून दार-खिडक्या लावून आत रियाज. तू आत, त्या बाहेर. मध्ये एक दार.

मी विचारलं, “रोज ऐकत होत्या?”

“ऐकू आलं तर कान काय काढून ठेवाचे?” अंजनाबाई म्हणाली. “एखाद्या दिवशी थो ओळ चुकला तर आम्ही बाहेरून बरोबर म्हणो. त्याले ऐकू नाई जाय.”

तेव्हा मी सांगून टाकलं की मी त्याची बहीण. अंजनाबाईनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. “ढोलकीवाली? पळून गेली थे?”

गावाला सगळं माहीत असते.

मला त्यांनी टोळीत घेतलं आहे. रोवणी मला येत नाही. माझी रांग पाहून अंजनाबाईनं विचारलं, साप गेला का इथून. पण गाणं येते, म्हणून ठेवलं.

आणि ती मान खाली घालणारी बाई कोण होती माहीत आहे? आपली इंदुताई. जिच्या लग्नात आईनं गाणी म्हटली, जी आपल्या प्रार्थनाघरात पहिल्या चटईवर बसायची, आणि तीन वर्षं झाली, येणं सोडलं. तू म्हणायचा, इंदुताई विश्वासात थंड पडली. ती माझ्याशी अजून बोलली नाही. ट्रॉलीत माझ्याकडे पाठ करून बसते.

गाव सोडून घुग्घुसला जाताना तू मला म्हणाला होता, “देवानं मला आठ वर्षं रिकाम्या होत चाललेल्या चटयांसमोर उभं ठेवलं, आणि काहीच केलं नाही.” आज ओट्यावर बसून ते आठवलं आणि हसू येत होतं.

बस बंद पडली नव्हती, दादा. पण ते नंतर.

चंचल

*

बोरझरी
बुधवार, २८ ऑगस्ट

दादा,

आज काम नाही. आज बाजार.

हे वाक्य परत वाच. मी पण गेल्या बुधवारी ऐकून समजली नाही.

दुपारी बाजारात इंदुताई कांद्यांसमोर उभी होती. मी मागून जाऊन तिची पिशवीच धरली. म्हटलं, “ताई, माझ्यावर राग आहे का दादावर?”

ती रडायलाच लागली. कांदेवाला म्हणाला, बाई, चिरायच्या आधीच?

मग आम्ही भज्यांच्या दुकानामागं बसलो. ती म्हणाली, “पोरी, राग कायचा. रविवारी टोळी कामावर जाते. एक रविवार नाई गेली तर चालते, दुसऱ्या रविवारी अंजनाबाई दुसरी बाई घेते, थे तरी काय करन. धानाले रविवार समजत नाई. आमची सुट्टी बाजाराच्या दिवशी. बुधवारी.”

“मग दादाले सांगितलं काऊन नाई?”

“कसं सांगू? दहा वाजता आम्ही ट्रॉलीत प्रार्थनाघरासमोरून दुसऱ्या शेताच्या बांधीत जावो तर तो दारात उभा राहे, पांढरा सदरा घालून. माह्याकडे पाहे. मी मान खाली घालो. मले वाटे, देवाले सोडून धान लावाले चालली. त्याच्यासमोर तोंड कसं दाखवू?”

त्या टोळीत आपल्या मंडळीतल्या चार बाया आहेत दादा. इंदुताई, तिची सून रिना, आणि खालच्या आळीतल्या दोघी. तू ज्यांची नावं घेऊन रडला त्याच चार. थंड कोणी पडलं नव्हतं. रविवारी दहानंतर त्या चिखलात तुझंच गाणं म्हणत होत्या, आणि तू त्याच वेळी रिकाम्या चटयांकडे पाहत होता.

आणि आपण दोघंही याच गावात वाढलो! बाजाराचा दिवस कोणता हे आपल्याला माहीत नव्हतं का? आई स्वतः बुधवारीच डोकं धुवायची. पण आपल्याला कधी सुचलंच नाही की माणसं कधी मोकळी असतात ते विचारावं. प्रभूचा दिवस रविवार, वेळ दहाची, बाबांनी ठरवली, संपलं.

मला शास्त्र तुझ्याएवढं येत नाही. वचनं पाठ करताना मी खिडकीतून पाहत असायची. पण मला असं वाटते, देव काहीच करत नव्हता असं नाही. तो त्यांना रोज सकाळी आणून तुझ्या ओट्यावर बसवत होता. तू दार उघडलं नाही आणि त्यांनी ठोठावलं नाही, तरी त्याचं काम थांबलं नाही. गाणं दाराखालून गेलं.

आता माझं. तू हे वाचून कागद फेकला तरी चालेल, पण आधी वाच.

तो फेब्रुवारीचा रविवार. जिल्ह्याचे तीन पाळक बोरझरीत कळप उरला आहे की नाही पाहायला येणार होते. तू मला म्हणाला, चंचल, निदान तू ढोलकीवर बस, दोघं तर दिसू. मी हो म्हटलं. सकाळी ढोलकीची वादी कसायला मूलला गेली, तेही खरं. तिथं नाटक कंपनीचा टेम्पो उभा होता, वडसाकडून आलेला. त्यांचा ढोलकीवाला तापानं पडला होता. मॅनेजर म्हणाला, येते का, आत्ता, कुरखेड्याला. दादा, मी विचारसुद्धा केला नाही. चढली.

टेम्पो आपल्या गावातूनच गेला. दहा वाजून गेले होते. खिडकीतून तू दिसला. पेटीवर तू, खुर्च्यांवर तिघं, आणि समोर मोकळ्या चटया. तू हेच गाणं म्हणत होता, आणि ताल सोडून पळत होता, कारण धरायला कोणी नव्हतं. मी ड्रायव्हरला थांब म्हणू शकत होती. मी खाली वाकली. तुला दिसू नये म्हणून सीटच्या खाली बसली, ढोलकी मांडीवर घेऊन.

हे मी कोणाला सांगितलं नाही. नाटकात रोज टाळ्या मिळाल्या आणि एकही पचली नाही.

माफ कर असं म्हणायचं असते, मला माहीत आहे. माफ कर.

चंचल

*

बोरझरी
रविवार, ६ ऑक्टोबर

दादा,

महिना झाला, तुझा कागद नाही. कुलदीप म्हणतो, ते पत्र तू काट्याच्या केबिनमध्ये उभ्यानं वाचलं आणि मागं सात ट्रक हॉर्न वाजवत होते. एवढ्यावर मी महिना काढला.

मधल्या दिवसांत मी दोनदा पळायला निघाली होती. एकदा सोयाबीन कापायला वरोऱ्याकडं, एकदा कशाला ते आठवत नाही. दोन्ही वेळा अंजनाबाईनं विचारलं, “बुधवारचं काय?”

कारण मी बोलून बसली आहे. बुधवारी बाजार आटोपला की साडेतीन वाजता प्रार्थनाघरात बसायचं. चार आपल्या, बाकीच्या गाण्यासाठी येतो म्हणतात. नीलिमाताई बुद्धविहारात जाणारी, तिनं सरळ सांगितलं, “मी वंदना माह्या विहारात करन, गाणं इथी म्हणन. चालते का?” मी म्हटलं, माझा भाऊ सांगेल. पण मला वाटते, चालते.

तारीख ठरली, २३ ऑक्टोबर. लवकर पिकणारा हलका धान कापायला लागायच्या आधीचा शेवटचा बाजार. त्यानंतर गुलाबभाऊ पोती आणतो.

तू ये. उपदेश नको, पांढरा सदरा नको. फक्त ये. सुट्टी मिळत नसेल तर आजारी पड. तुझ्या तोंडून खोटं निघत नाही, म्हणून कुलदीपला सांगायला लावते.

चंचल

ता.क. कागद बंद केला होता, परत उघडला. कुलदीप ट्रॉली निघतानाच आला, तुझी पावती घेऊन. दादा, हसू की रडू? “मला साप्ताहिक सुट्टी बुधवारचीच आहे. मार्चपासून रविवार मागतो आहे, देत नाहीत. त्यावरून देवाशीही भांडलो. पाहतो.”

मी पावती अंजनाबाईला वाचून दाखवली. ती म्हणाली, “त्याच्या साहेबाले हारतुरे द्या.” आणि मग ट्रॉलीत सगळ्या इतक्या हसल्या की ट्रॅक्टरवाल्यानं गाडी थांबवून मागं पाहिलं.

*

बोरझरी
बुधवार, २३ ऑक्टोबर, दिवे लागताना

दादा,

तुझी बस अजून मूलच्या पुढं गेली नसेल आणि मी लिहायला बसली. तू समोर होता तेव्हा आपण दोघं चहा घेत भिंतीकडे पाहत होतो, जसं काही भिंतच बोलणार होती.

म्हणून आज काय झालं ते मीच लिहिते. तू तिथं होता, पण तू पेटीकडे पाहत होता. तुला अर्धं दिसलं नाही.

तुला वाटलं चार जणी येतील. मी मोजल्या नाहीत, पण चपला ओट्यावर मावल्या नाहीत. भाजीच्या पिशव्या कोपऱ्यात ठेवल्या, एकीच्या पिशवीत जिवंत कोंबडी, ती पूर्ण प्रार्थनेभर बोलली. इंदुताई पहिल्या चटईवर बसली, तिच्या जुन्या जागी. तू प्रार्थना सुरू केली आणि तिचं नाव घेताना थांबला. तिनं मान वर केली. मी पाहिलं.

मग तू गाणं धरलं. नेहमीसारखं पळत. मी ढोलकीवर तुझ्या मागं धावत होती, आणि अंजनाबाईनं हात वर केला, ट्रॅफिकच्या पोलिसासारखा.

“प्रफुलभाऊ, थांब बाप्पा. एवढ्या घाईनं रोवणी होत नाई. रोप मोडते. हळू.”

दादा, तुझं तोंड पाहायला पाहिजे होतं तू. तुझं गाणं, तुझं प्रार्थनाघर, आणि तुला सांगतात हळू! मला वाटलं आता हा उठून जातो. तू विचारलं, “किती हळू?”

“एक पाऊल जाईपर्यंत.”

तू परत धरलं. त्यांनी एक ओळ म्हटली आणि अडकल्या. बसून त्यांना येतच नाही! आठ वर्षं वाकून, मागं सरत म्हटलेलं गाणं. नीलिमाताई म्हणाली, उभं राह्यल्याशिवाय निघत नाई हे. सगळ्या उठल्या. चटया गुंडाळल्या. एक ओळ, आणि सगळ्यांचं एक पाऊल मागं. दुसरी ओळ, अजून एक. ‘पेरणारा झोपी गेला’ला मागची रांग भिंतीला टेकली. जागाच किती आपली! पण थांबायला कोणी तयार नाही, दार उघडं होतं, मग रांग वळली आणि दारातून मागं मागं बाहेर निघाली, ओट्यावर, ओट्याखाली, रस्त्यावर. पाठमोऱ्या बाया हसत, गात निघालेल्या, आणि तू पेटी गळ्यात अडकवून त्यांच्या मागं. म्हणजे पुढं. कोण कोणाच्या मागं होतं ते सांगता येत नाही.

गुलाबभाऊ मोजपट्टी घेऊन दारात आला होता, किती पोती बसतील ते पाहायला. त्याला आत यायला मिळालंच नाही. अंजनाबाईची पाठ त्याच्या पोटाला लागली, तोही एक एक पाऊल मागं गेला, टकलाच्या कडव्याला तर हसत टाळ्या वाजवायला लागला. ते कडवं तुला पहिल्यांदा ऐकू आलं ना? तुला हसताना मी किती दिवसांनी पाहिलं ते मला आठवत नाही.

रस्त्यावर गाणं संपलं. धाप लागली सगळ्यांना. तेव्हा गुलाबभाऊनं विचारलं, “मंग भाऊ, पोत्याचं काय करू?”

तू पेटी गळ्यातून उतरवली.

तू म्हणाला, “गुलाबभाऊ, मी शब्द मोडतो. माफ करजा. धानासाठी दुसरी जागा पाहा.”

तो म्हणाला, “पाहतो नं. मिलमागं शेड टाकतो. पण बुधवारी मले येऊ द्याल का?”

एवढंच झालं. काही आभाळ फाटलं नाही. बाया पिशव्या घेऊन घरी गेल्या, कोणाला स्वयंपाक, कोणाला उद्याचं विळ्यांना पाणी पाजणं. धान कापायला आला आहे, उद्यापासून बाजाराचा दिवस सोडला तर एकीलाही उसंत नाही. तू परत घुग्घुसला, तुला उद्या पहाटेची पाळी. नोकरी सोडायची तर महिनाभराची नोटीस द्यावी लागेल, आणि त्यात एखादा बुधवार तुला मिळणार नाही, हे तू मला सांगितलं नाही, कुलदीपला सांगितलं. मी शेजारीच उभी होती.

टेम्पोबद्दल तू काही बोलला नाही. मी वाट पाहिली. चहा झाला, बस आली, तू पिशवी वर ठेवली, पायरीवर चढला. मला वाटलं झालं, हा आता बोलत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

मग तू वळून म्हणाला, “पुढच्या बुधवारी मी नसन. तू सुरू कर.”

मला. ज्या बहिणीनं सीटखाली तोंड लपवलं, तिला. कंडक्टरनं घंटी मारली म्हणून मला उत्तर देता आलं नाही. नाहीतर मी नक्की काहीतरी वाकडं बोलली असती.

आता उत्तर लिहिते. सोमवारी मी सिरोंच्याला निघणार होती. तिकडं गोदावरीच्या काठी कापूस वेचायला टोळ्या जातात, नवीन भाषा ऐकायला मिळते, पिशवी भरून ठेवली आहे. जाणार मी, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

पण सोमवारी नाही. पुढच्या गुरुवारी.

तुझी बहीण
चंचल